मुंबईतला सरकारी भूखंड निविदेतून भाडेपट्ट्याने घेताना: आधी पट्ट्याचा मसुदा, शेवटी दर

भूखंडाच्या निविदेची जाहिरात आली की विकासकाच्या कार्यालयात पहिला प्रश्न येतो तो 'दर काय टाकायचा?' हा. मग आठवडाभर आजूबाजूचे विक्रीदर, एक्सेल शीट आणि कोण कोण बोली लावणार याच्या बातम्या, यातच जातो. निविदेच्या पुस्तिकेत मागे जोडलेला भाडेपट्ट्याचा मसुदा कोणी उघडतच नाही, आणि शेवटच्या दोन दिवसांत कागदांची धावपळ होते. त्यातून दोनच गोष्टी निघतात: बोली तांत्रिक लिफाफ्यातच (दराआधी तपासल्या जाणाऱ्या पात्रतेच्या कागदांतच) बाद होते, किंवा जिंकल्यावर कळतं की आपण जे घेतलं ते आपल्याला हवं होतं ते नव्हतंच.

मोठ्या कंपन्यांकडे या कामासाठी स्वतंत्र विभाग असतात. हा लेख पहिल्यांदा किंवा दुसऱ्यांदा बोली लावणाऱ्या मध्यम विकासकांसाठी आहे. क्रम जसा दिला आहे तसाच ठेवा.

## १. जमीन कोण देतंय आणि नेमकं काय देतंय

मुंबईत सरकारी जमीन एकाच मालकाची नसते आणि प्रत्येक मालकाचे नियम वेगळे. वांद्रे-कुर्ला संकुलातले भूखंड एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आपल्या १९७७ च्या जमीन विल्हेवाट विनियमांनुसार देते आणि तिथला पट्टा सहसा ८० वर्षांचा असतो. नवी मुंबईत सिडकोचा (तिथल्या शहर विकास महामंडळाचा) पट्टा ६० वर्षांचा. महापालिकेच्या मालमत्तेला १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाचं कलम ९२ लागू होतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या ताब्यातल्या शासकीय जमिनीला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागते. रेल्वे आणि पोर्टच्या जमिनी केंद्राच्या, त्यांचे कायदे आणखी निराळे. एका संस्थेच्या निविदेचा अनुभव दुसऱ्या संस्थेच्या निविदेला जसाच्या तसा लावू नका.

त्यानंतर बोली कशावर मागितली आहे ते शोधा. कुठे बांधीव क्षेत्राच्या प्रति चौरस मीटर दर मागतात, कुठे भूखंडाच्या क्षेत्रावर, कुठे एकरकमी प्रीमियम (पट्ट्यासाठी सुरुवातीलाच द्यायची रक्कम), कुठे विक्रीच्या उत्पन्नातला हिस्सा, तर कुठे बांधून द्यायचं क्षेत्र. ही ओळ पुस्तिकेत एकाच ठिकाणी असते आणि बाकी सगळं गणित तिच्यावर उभं राहतं.

तपासा: पट्ट्याची मुदत कोणत्या तारखेपासून सुरू होते? करारावर सही झाल्यापासून, ताबा मिळाल्यापासून, की वाटपपत्राच्या दिनांकापासून? ताबा मिळायला वर्ष लागलं तर तुमच्या मुदतीतलं एक वर्ष तसंच गेलं.

## २. पट्ट्याचा मसुदा: कायदेशीर सल्लागारासोबत, छापून, पेन्सिल घेऊन

हे काम पहिल्या तीन-चार दिवसांतच करायचं, कारण इथे उठलेले प्रश्न निविदापूर्व बैठकीत न्यायचे असतात. पुढची कलमं मी प्रत्येक मसुद्यात आधी शोधतो.

हस्तांतरण. बांधलेले गाळे किंवा सदनिका तिसऱ्याला देता येतील का, आणि कोणत्या स्वरूपात? पोटपट्टा (आपल्या पट्ट्यातून पुढे दिलेला पट्टा), पट्टा-हक्काचं अभिहस्तांकन (तो हक्कच दुसऱ्याच्या नावे करणं) आणि नुसता भाडेकरू ठेवण्याची परवानगी, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. काही निविदांमध्ये फक्त भाड्याने द्यायची मुभा असते, विक्रीची नसते. हस्तांतरण शुल्क किती, ते पहिल्या विक्रीलाही लागतं का, हेही याच कलमात असतं. निवासी प्रकल्प असेल तर पुढे सहकारी संस्थेच्या नावाने पट्टा करून देण्याची सोय मसुद्यात स्पष्ट लिहिलेली हवी. महारेरा नोंदणीत आणि ग्राहकाच्या करारात तुम्ही जे वचन देणार, ते देण्याचा अधिकार या कलमातूनच येतो.

गहाण. बँकेचं कर्ज काढायला पट्टा देणाऱ्या संस्थेची ना हरकत लागते. ती कोणत्या टप्प्याला मिळते ते पाहा. सिडकोच्या पद्धतीत आधी पट्ट्याचा करारनामा होतो आणि जागेवर जाऊन बांधायची परवानगी मिळते. प्रत्यक्ष पट्टेपत्र बांधकाम पूर्ण झाल्यावर होतं. मधल्या काळात तुमच्या हातात पट्टा नसतो, करारनामा असतो. तुमची बँक त्यावर पैसे देते का, हे बोली लावण्याआधी बँकेकडून लेखी घ्या.

बांधकामाची मुदत. बहुतेक मसुद्यांत ठरलेल्या वर्षांत भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची परवानगी) मिळवायची अट असते. तोवर काम झालं नाही तर अतिरिक्त प्रीमियम भरून मुदतवाढ घ्यावी लागते, आणि तो प्रीमियम उशिराच्या प्रत्येक वर्षाला चढत जातो. परवानग्यांना लागणारा वेळ या मुदतीतून वगळला जातो का, न्यायालयाची स्थगिती आली तर काय, हे वाचा. शहाणा विकासक इथे स्वतःच्या आशावादावर विसंबत नाही. वास्तुविशारदाकडून महिन्यांचा तक्ता करून घेतो.

क्षेत्रातला फरक. मोजणीत भूखंड कमी भरला तर पैसे परत मिळणार का? जास्त भरला तर कोणत्या दराने भरायचे? काही मसुदे या बाबतीत एकतर्फी असतात.

समाप्ती. अटीचा भंग झाला तर नोटीस किती दिवसांची, बांधकामाचं काय होतं, आणि बँकेला मध्ये येऊन दोष दुरुस्त करायची संधी आहे का? शेवटचा मुद्दा नसेल तर कर्जाचा व्याजदरही वाढतो.

सावधान: 'संस्थेचा निर्णय अंतिम राहील' हे वाक्य किती कलमांत येतं ते मोजा. जिथे ते पैशांच्या हिशेबाला जोडलेलं आहे, तिथे जोखमीची रक्कम धरूनच दर काढावा लागेल.

## ३. जमिनीचे कागद आणि प्रत्यक्ष जागा

निविदा जवळजवळ नेहमी 'जसे आहे, जेथे आहे' या तत्त्वावर असते. म्हणजे पुस्तिकेतला नकाशा चुकीचा निघाला तरी ती तुमची अडचण.

मिळकत पत्रिका (जमिनीचा धारक आणि क्षेत्र दाखवणारा सरकारी उतारा) स्वतः काढा. शहर भागात सी. एस. नंबर आणि विभागाचं नाव लागतं, उपनगरात सी.टी.एस. नंबर आणि गाव. हे उलटं केलं की भलतीच पत्रिका हाती येते. पत्रिकेवरचं क्षेत्र, निविदेतलं क्षेत्र आणि विकास आराखड्याच्या अभिप्रायातलं क्षेत्र, हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. तिन्ही जुळले तर उत्तम. जुळले नाहीत तर तो निविदापूर्व बैठकीतला तुमचा पहिला प्रश्न.

विकास आराखडा २०३४ मध्ये भूखंडावर आरक्षण आहे का, रस्तारुंदीकरणाची रेषा आत शिरते का, हे डीपी रिमार्क्समधून कळतं. जिथे एमएमआरडीए किंवा दुसरं विशेष नियोजन प्राधिकरण आहे, तिथे त्यांचे नियम पाहा. महापालिकेच्या डीसीपीआर २०३४ (विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली) मधली ३५ टक्के फंजिबल, म्हणजे मूळ मर्यादेवर मिळणाऱ्या जादा बांधकाम क्षेत्राची तरतूद सगळीकडे आपोआप लागू होईल असं धरू नका. जिथे लागू होते तिथेही नियोजन प्राधिकरणाचा प्रीमियम एक आणि जमीनमालक म्हणून संस्थेने मागितलेला जादा भाडेपट्टा प्रीमियम दुसरा, असे दोन खर्च उभे राहू शकतात.

मग बंधनं. विमानतळाच्या उंचीची मर्यादा तर मुंबईत निर्णायक ठरते. पुस्तिकेत चटई क्षेत्र (बांधता येणारं एकूण क्षेत्र) भरघोस दिलेलं असतं, पण विमानतळ प्राधिकरण देईल त्या उंचीत ते बसतं का, हे वास्तुविशारदाने कागदावर मांडून दाखवावं. किनाऱ्याजवळ किंवा खाडीकाठी सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र), तिवरांच्या भोवतीचा ५० मीटरचा पट्टा, तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची १० मीटर जागा, संरक्षण आस्थापनांचं सान्निध्य, भुयारी मेट्रोचा प्रभावपट्टा, दक्षिण मुंबईत वारसा यादी. प्रत्येकासाठी एक ओळ: लागू आहे की नाही, ना हरकत कोणाकडून, किती वेळ.

जागेवर किमान दोनदा जा. एकदा दिवसा, सर्व्हेअरला घेऊन. एकदा रात्री, कारण रिकाम्या सरकारी भूखंडावर रात्री कोणाच्या गाड्या, कोणाचे टेम्पो, कोणाचा चहाचा ठेला लागतो, ते दिवसा दिसत नाही. पावसाळा असेल तर मोठ्या भरतीच्या दिवशी जा. मिठी नदीच्या आसपासच्या जमिनीबद्दल ती एक फेरी बरंच सांगून जाते. कुंपणाला लागून झोपड्या असतील तर कुंपण कुठे आहे आणि हद्द कुठे आहे, हे वेगळं मोजा. गटाराच्या चेंबरची झाकणं, विजेच्या उच्चदाब केबलचे खुणेचे दगड, विहीर, देऊळ, मोठी झाडं, सगळ्यांचे फोटो नकाशावर क्रमांक टाकून ठेवा. झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. भूखंडाच्या मधोमध उभा असलेला जुना वड तुमचा तळघराचा आराखडा बदलू शकतो.

तपासा: भूखंडाबाबत न्यायालयात काही प्रलंबित आहे का? संस्थेने पुस्तिकेत दिलेल्या माहितीवर थांबू नका. उच्च न्यायालयाच्या आणि शहर दिवाणी न्यायालयाच्या संकेतस्थळांवर संस्थेच्या नावाने शोध घ्या, आणि जुन्या कब्जेदाराचं नाव माहीत असेल तर त्या नावानेही.

## ४. निविदापूर्व बैठक

इथे लोक ऐकायला जातात. इथे विचारायला जायचं असतं. प्रश्न विहित नमुन्यात, पान क्रमांक, कलम क्रमांक, मूळ मजकूर आणि तुमची सूचना अशा रकान्यांत, मुदतीच्या आत ईमेलने पाठवा. 'हे कलम अन्यायकारक आहे' असं लिहिलं तर उत्तर येतं 'निविदेतील तरतूद कायम'. त्याऐवजी बदलून हवं असलेलं वाक्यच लिहून द्या. स्वीकारायला सोपं असतं.

आपला प्रश्न विचारला तर इतरांना आपला डाव कळेल, या भीतीने काही जण गप्प बसतात. क्षेत्रफळ आणि पट्ट्याच्या अटींबाबत ही भीती महागात पडते, कारण बोली उघडल्यानंतर अटी बदलत नाहीत आणि बदलूही नयेत.

सावधान: बैठकीत अधिकारी तोंडी जे सांगतात त्याला किंमत नाही. पोर्टलवर प्रसिद्ध झालेलं शुद्धिपत्रक किंवा उत्तरांचा तक्ता तेवढाच बंधनकारक. अधिकाऱ्यांना खासगीत गाठून खुलासा मिळवायचा प्रयत्नही करू नका. बोलीदाराने संपर्क साधला तर बोली बाद, असं कलम बऱ्याच पुस्तिकांमध्ये असतं.

## ५. पात्रतेचे कागद

यात बुद्धी कमी आणि शिस्त जास्त लागते. नेमक्या चुका पुन्हा पुन्हा होतात त्या अशा:

- सीएच्या उलाढाल आणि नक्त मूल्याच्या प्रमाणपत्रावर यूडीआयएन (सीएच्या प्रत्येक प्रमाणपत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक) नसतो. तो २०१९ पासून बंधनकारक आहे.
- उद्यम प्रमाणपत्र जोडून बयाणा रकमेतून (बोलीसोबत भरायच्या अनामत रकमेतून) सूट मागितली जाते. लघुउद्योगांची ती सवलत सरकारने खरेदी करायच्या वस्तू आणि सेवांसाठी आहे. इथे सरकार खरेदी करत नाही, जमीन देतं आहे.
- संचालक मंडळाच्या ठरावात एकाचं नाव, डिजिटल सही दुसऱ्याची.
- समूहाने बोली लावताना प्रमुख सदस्याचा हिस्सा निविदेतल्या किमान हिश्शापेक्षा कमी, किंवा मुखत्यारपत्रावर पुरेसा मुद्रांक नाही.
- विहित नमुन्यातलं शपथपत्र स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं. नमुना जसाच्या तसा उतरवा, एक शब्दही सुधारू नका.

नव्या विशेष हेतू (फक्त याच प्रकल्पासाठी काढलेल्या) कंपनीच्या नावाने पट्टा घ्यायचा असेल तर तशी परवानगी पुस्तिकेत आहे का, हे आताच पाहा. जिंकल्यावर नाव बदलायला गेलं की त्याला हस्तांतरण म्हणतात, आणि शुल्क लागतं.

## ६. आता दर

वरचं सगळं झाल्यावरच इथे या. एक काल्पनिक भूखंड घेऊ. क्षेत्र ४,००० चौरस मीटर, चटई क्षेत्र निर्देशांक ४, म्हणजे बांधीव क्षेत्र १६,००० चौरस मीटर. राखीव दर (संस्थेने ठरवलेला किमान दर) बांधीव क्षेत्राच्या प्रति चौरस मीटर ३ लाख रुपये धरला तर प्रीमियम ४८० कोटी. मोजणीत भूखंड ३,८५० चौरस मीटरच भरला तर बांधीव क्षेत्र १५,४०० आणि प्रीमियम ४६२ कोटी. दीडशे चौरस मीटरचा फरक १८ कोटींचा आहे. दुसऱ्या पायरीतलं क्षेत्रातल्या फरकाचं कलम म्हणूनच आधी वाचायला सांगितलं.

या ४८० कोटींच्या वर काय येतं ते लिहा. सिडकोच्या एकरकमी भाडेपट्टा प्रीमियमवर जीएसटी लागतो, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवलं. १८ टक्क्यांनी हिशेब केला तर पूर्ण रकमेवर ८६ कोटी ४० लाख. ३० वर्षं किंवा त्याहून जास्त मुदतीचा पट्टा प्रकल्प बांधण्यासाठी घेतला तर हा कर रिव्हर्स चार्जने विकासकानेच भरायचा असतो. निवासी सदनिकांपैकी भोगवटा प्रमाणपत्राआधी विकल्या गेलेल्या हिश्शाला सूट आहे, वाणिज्यिक हिश्शाला ती नाही. इमारत बांधून भाड्याने देणार असाल तर या कराचं क्रेडिट (पुढच्या करातून वजावट) मिळेल असं गृहीत धरून दर वाढवू नका. तुमच्या प्रकल्पाच्या रचनेवर कर सल्लागाराचं लेखी मत घ्या आणि ते दराच्या फाइलला जोडा.

मुद्रांक शुल्कात महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाचा अनुच्छेद ३६ पाहा. पट्टा २९ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर बाजारमूल्याच्या ९० टक्क्यांवर अभिहस्तांतरणाच्या (म्हणजे विक्रीखताच्या) दराने शुल्क बसतं. मुंबईत तो दर मेट्रोच्या अधिभारासह ६ टक्के. नूतनीकरणाचा काळ करारात लिहिलेला असेल तर तोही मुदतीत धरला जातो. त्यामुळे '१५ अधिक १५' असा पट्टा छोटा समजून हिशेब करू नका.

मग व्याज: बयाणा रक्कम अडकलेल्या महिन्यांचं, प्रीमियमच्या हप्त्यांचं, आणि पहिली विक्री होईपर्यंतचं. शेवटी उशिराचा एक पूर्ण वर्षाचा अतिरिक्त प्रीमियम खर्चात धरून पाहा. तो धरल्यावर प्रकल्प तोट्यात जात असेल तर तुमचा दर जास्त आहे.

कमाल दर ठरला की तो भागीदारांच्या सहीने लिहून ठेवा. ई-लिलावाची फेरी असेल तर हा कागद समोर असलाच पाहिजे. पडद्यावर समोरच्याची बोली वाढताना दिसली की माणसाचा हात थांबत नाही, आणि तिथे वाढवलेला प्रत्येक रुपया पुढची वर्षानुवर्षं फेडायचा असतो.

## ७. पोर्टलवर बोली भरणं

राज्यातल्या बऱ्याच निविदा महाटेंडर्स या राज्य सरकारच्या पोर्टलवर असतात. सिडकोसारख्या काही संस्थांचं भूखंडांसाठी स्वतंत्र पोर्टल आहे. वर्ग ३ ची डिजिटल सही लागते. तिची मुदत बोली उघडण्याच्या दिवसापर्यंत तरी शिल्लक आहे ना, हे आधी बघा.

बयाणा रक्कम ऑनलाइन भरताना पोर्टलवर त्याच निविदेसाठी तयार झालेल्या चलनावरच आरटीजीएस किंवा एनईएफटी करा. जुनं चलन, दुसऱ्या निविदेचं चलन किंवा रुपयाभर कमी-जास्त रक्कम गेली की पैसे जुळत नाहीत. निदान दोन कामाचे दिवस आधी भरा. बँकेची सुट्टी आणि शनिवार-रविवार वगळून.

दरपत्रकाची एक्सेल फाइल पोर्टलवरून उतरवून त्यात फक्त ठरलेल्या चौकटीत आकडा भरायचा. फाइलचं नाव बदलायचं नाही, रकाना वाढवायचा नाही, दुसऱ्या फाइलमधून चिकटवायचं नाही. शुद्धिपत्रकाने फाइल बदलली असेल तर नवीच वापरायची. दर अंकात भरला की अक्षरात काय उमटतं ते मोठ्याने वाचा. लाख आणि कोटींतली शून्यं तिथेच सापडतात. दराचा कोणताही उल्लेख तांत्रिक लिफाफ्यातल्या पीडीएफमध्ये राहता कामा नये, बँकेच्या पत्रातसुद्धा नाही.

सगळं चढवल्यावर 'फ्रीज बिड सबमिशन' ही कळ दाबायची राहते. ती दाबल्याशिवाय बोली दाखल होत नाही. दाबल्यावर मिळणारी पोच छापून ठेवा.

सावधान: मुदतीपर्यंत बोली बदलून पुन्हा भरता येते, पण 'मागे घेणे' हा पर्याय निवडलात तर त्या निविदेत पुन्हा भाग घेता येत नाही. आणि वेळ पोर्टलच्या घड्याळाची चालते, तुमच्या नाही. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत काम संपवा.

## ८. बोली उघडल्यावर

जमिनीच्या निविदेत सर्वांत जास्त दर देणारा 'एच-१' असतो. एच-१ झालात म्हणजे जमीन तुमची झाली असं नाही. सक्षम प्राधिकरणाने मंजुरी देऊन वाटपपत्र हातात पडेपर्यंत कोणताही हक्क निर्माण होत नाही, आणि निविदा रद्द करायचा अधिकार संस्थेकडे राहतो. तोवर वर्तमानपत्रांत जाहिरात, गुंतवणूकदारांकडून पैसे किंवा ग्राहकांची नोंदणी असलं काही सुरू करू नका.

तांत्रिक छाननीत संस्थेने खुलासा मागितला तर पोर्टलवरच, दिलेल्या वेळेत आणि विचारलं तेवढंच द्या.

वाटपपत्र आलं की पैशांचं घड्याळ सुरू होतं. पहिला हप्ता चुकला तर बयाणा जप्त होऊ शकतो. बँकेची मंजुरी वाटपपत्रानंतर मागायला गेलात तर उशीर ठरलेला. तत्त्वतः मंजुरीचं पत्र बोलीआधीच हवं. प्रीमियम भरताना उद्गम कर (टीडीएस) कापायचा का, हा प्रश्न लेखा विभाग नेहमी विचारतो. नियतकालिक भाड्यात वळता न होणाऱ्या एकरकमी प्रीमियमवर तो कापायचा नाही, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ च्या ३५ क्रमांकाच्या परिपत्रकात सांगितलं आहे. वार्षिक भाड्याचा नियम वेगळा.

## ९. मोजणी, ताबा, नोंदणी

ताबा घेताना संयुक्त मोजणीचा आग्रह धरा. संस्थेचा सर्व्हेअर, तुमचा सर्व्हेअर, चारही कोपऱ्यांवर खुणा आणि दोघांच्या सहीचा नकाशा. अतिक्रमण असेल तर ताबापावतीवर लिहून घ्या. 'पावतीवर सही करा, बाकी नंतर बघू' असं म्हटलं तर थांबा. पावतीचा दिनांक हाच बऱ्याच पट्ट्यांत बांधकामाच्या मुदतीचा पहिला दिवस असतो, आणि कोरी पावती म्हणजे मोकळा ताबा मिळाल्याची तुमचीच कबुली.

मुद्रांक शुल्काचा अभिनिर्णय (शुल्क किती ते मुद्रांक कार्यालयाकडून ठरवून घेणं) करून घ्या, मग सह्या. सह्या झाल्यापासून ४ महिन्यांत नोंदणी व्हायला हवी. त्यानंतर मिळकत पत्रिकेवर पट्टेदार म्हणून नोंद लावायचा अर्ज लगेच टाका. हे काम हमखास विसरलं जातं आणि वर्षांनी बँकेची छाननी सुरू झाली की आठवतं.

जमीन देणारा विभाग आणि नकाशे मंजूर करणारा विभाग एकाच संस्थेत असले तरी त्यांचे कागद आपोआप एकमेकांकडे जात नाहीत. महापालिकेत मालमत्ता विभागाची ना हरकत मिळाली म्हणून ती इमारत प्रस्ताव विभागाकडे पोचलेली असते असं नाही. प्रत्येक टप्प्याला ती नव्याने दाखवावी लागते. एका कर्मचाऱ्याकडे फक्त पट्ट्याच्या तारखांची वही द्या: वार्षिक भाडं, विमा, प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करायची परवानगी), भोगवटा प्रमाणपत्राची मुदत. मुदतवाढ लागणार हे दिसलं की मुदत संपायच्या निदान सहा महिने आधी, उशिराच्या कारणांचे पुरावे जोडून अर्ज करा, आणि आवक क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत त्याच वहीत लावा.